दोन सेकंदांचं इन्सुलिन

पेनने इन्सुलिन घेताना बटण शेवटपर्यंत दाबलं की सुई लगेच काढायची नसते. ती तशीच आत ठेवून मनात दहापर्यंत मोजायचं आणि मग काढायची. सुई इतकी बारीक असते की औषध आत उतरायला तेवढा वेळ लागतो. घाई केली तर शेवटचे थेंब कातडीवर येतात आणि लिहून दिलेल्या डोसातलं पोटात किती गेलं याचा भरवसा राहत नाही. हे सगळं मला माहीत होतं. संहितेत तसं लिहिलंही होतं. तरी मी केलेल्या ॲनिमेशनमधल्या माणसाने दोन सेकंदांत सुई काढली, पेन खिशाला लावलं आणि तो जेवायला बसला. पडद्यावर काहीही न हलता दहा सेकंद जाऊ देणं आमच्या धंद्यात पाप समजतात. मी ‘दहा सेकंद थांबा’ अशी ओळ खाली टाकली आणि पुढच्या दृश्याकडे वळलो.

फिल्म दवाखान्यातल्या टीव्हीवर लागली. इंजेक्शन शिकवणाऱ्या सिस्टरांच्या काही दिवसांत लक्षात आलं की नवे पेशंट सुई फार लवकर काढतायत, पोटावर थेंब दिसतोय. त्यांनी मला फोन केला. "दादा, तुमचा माणूस लई घाईत आहे." मी खालच्या ओळीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाकावरून ती अक्षरं निम्म्यांना दिसत नाहीत. ज्यांना दिसतात ते हाताकडे बघतात. हात काय करतोय तसं करतात." तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्यावर थोडा चिडलो होतो. नऊ मिनिटांच्या फिल्ममधले आठ सेकंद, एवढंच मला दिसत होतं.

मी मुळात कारखान्यांच्या फिल्म करणारा. पंपाच्या पोटात पाणी कसं फिरतं, बेअरिंग कुठे झिजतं, हे इंजिनिअरांना दाखवण्यात माझी बरीच वर्षं गेली. सांगलीचे एक मधुमेहतज्ज्ञ माझ्या आत्याचे डॉक्टर. त्यांनी एकदा सहज विचारलं, हेच माणसाच्या शरीराचं करता येईल का? त्यांची अडचण खरी होती. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर, आणि प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात, २६.४ टक्के. डॉक्टर म्हणाले, "आकडे राहू देत, माझी बाहेरची बाकं बघा. आत एकेकाला मी किती मिनिटं देणार? बाहेर मात्र ही माणसं दोन-दोन तास बसून असतात. तेवढा वेळ मालिका बघतात, त्याऐवजी स्वतःचं शरीर बघू देत." मला हे एकदम पटलं. आजही पटतं. बिघडलं ते पुढे, माझ्या टेबलावर.

पहिली फिल्म मी उसाच्या फडातून सुरू केली. सांगली म्हणजे साखरेचा मुलूख, त्यामुळे ही कल्पना सुचल्यावर मी स्वतःवरच खूश होतो. ऊस, मग कारखान्याची चिमणी, मग पोतं, मग चहाचा कप, आणि तिथून कॅमेरा थेट रक्तवाहिनीत. रक्तात पांढरेशुभ्र चौकोनी खडे तरंगतायत, प्रत्येकाला डोळे आणि तोंड. पेशींना दारं, दारांना कुलपं, इन्सुलिन ही किल्ली. किल्ली कमी पडली किंवा कुलूप गंजलं की खड्यांची दाराबाहेर गर्दी होते. कुलूप-किल्लीचं हे चित्र जगभर वापरतात, आणि त्यात फारसं खोटं काही नाही. डॉक्टरांना आवडलं. माझ्या पुण्यातल्या मित्रांना तर खड्यांचे चेहरे फारच आवडले.

नंतर सिस्टरांनी एका मावशींना विचारलं, खाण्यात काय बदल केला? मावशी म्हणाल्या, "पांढरं समदं बंद केलंय. मीठ बी कमी केलंय." चहात गूळ सुरू होता. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोन वेळा, कारण शिजलेला साबुदाणा काही पांढरा दिसत नाही आणि उपवास तर चांगलाच असतो. मला हसू आलं, आणि लगेच ते गिळावं लागलं. मावशींनी माझी फिल्म नीट बघितली होती. रक्तात पांढरे खडे, ते उसातून आले, असंच मी दाखवलं होतं. भाकरी, भात, पोळी, साबुदाणा यांतल्या पिष्टाचं आतड्यात ग्लुकोज होतं आणि तेच रक्तात जातं, याचं एकही चित्र माझ्या फिल्ममध्ये नव्हतं. जेवणाचं ताटच नव्हतं. गूळ रंगाने वेगळा असला तरी त्यातली बहुतेक साखरच, हेही नव्हतं. रात्रभर पोटात काही नसताना यकृत स्वतः रक्तात ग्लुकोज सोडत राहतं, म्हणून जेवण हलकं होऊनसुद्धा सकाळची शुगर जास्त येऊ शकते, आणि मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः तिथेच काम करते, हे तर माझ्या गावीही नव्हतं. उसाचा फड मात्र अप्रतिम झाला होता. वाऱ्यावर एकेक पान वेगळं हलत होतं.

नायकाचंही तेच. मी त्याला ढेरी दिली, हातात वडापाव दिला, सोफ्यावर बसवला. लोक त्याला हसायचे. पण हसणाऱ्यांत निम्मे सडसडीत होते. रानात राबलेले, गालफडं बसलेली माणसं. त्यांच्यातल्या एकाने डॉक्टरांना सरळ विचारलं की हा रोग त्या टीव्हीतल्या शेटजीचा असेल, तर मला कसा झाला? रिपोर्ट बदलला असणार, अशी त्याची खात्री होती.

याचं उत्तर देणारं चित्र आधीपासून होतं, आणि तेही माझ्याच गावचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघे शेजारी उभे. उंची-वजनाच्या हिशेबाने काढतात तो बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगातही चरबी लपलेली असते, हे त्या फोटोइतकं नेमकं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. न हलणारा एक फोटो, दोन आकडे. मी महिनोन्‌महिने ढेरी हलवत बसलो होतो.

खरी भीती वाटली ती दोन प्रसंगांत.

पहिला शुगर उतरण्याचा. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, काही सुचेनासं होतं. अशा वेळी साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं. मग मशीनवर पुन्हा बघायचं. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. माझ्या फिल्ममध्ये माणूस घामाघूम होतो, बायको साखरपाणी देते, तो पितो आणि उठून हसतो. पिणं ते हसणं, चार सेकंद.

एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकदा दुपारी त्यांची शुगर उतरली. घरी एकटे होते. फिल्म आठवली म्हणून साखरपाणी प्यायले. बरं वाटेना. पुन्हा प्यायले. मग डब्यातले पेढे, मग केळी, मग उरलेली साखर तशीच चमच्याने. पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात यायला उलट वेळ लागतो, पण तेव्हा त्यांना कोण सांगणार? संध्याकाळी मशीनवर आकडा ३०० च्या पुढे. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मीही होतो. त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "आवं, तुमचा टीव्हीतला माणूस लगीच उठून बसला की. मला वाटलं, मलाच कायतरी मोठं झालंय." एवढं बोलून ते हसले. मला हसता आलं नाही. त्या पाऊण तासात एकट्या घरात तो माणूस काय काय समजून बसला असेल! त्याला घाबरवलं होतं ते शुगरने थोडं आणि माझ्या चार सेकंदांनी जास्त.

दुसरा प्रसंग याहून वाईट. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या अजूनही बहुधा ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. बाटलीला जुळणारीच सिरिंज वापरायची, यात तडजोड नाही. मी चित्र काढताना परदेशी फोटो समोर ठेवले होते. तिकडे सगळं १०० चं. शिवाय निळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी टोपण खुलून दिसत होतं. डॉक्टरांनी फिल्म पास करताना टोचायची जागा, सुईचा कोन, हवेचे बुडबुडे, सगळं तपासलं. टोपणाचा रंग ना त्यांच्या डोळ्यांत आला ना माझ्या.

एका पेशंटने मेडिकलमध्ये जाऊन टीव्हीत दाखवतात तसली नारिंगी टोपणाची सिरिंज मागितली. दुकानदाराने दिली. बाटली ४० ची, सिरिंज १०० ची. त्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत ४० चं इन्सुलिन भरलं तर ते ०.२ मिलिलिटर होतं, म्हणजे फक्त ८ युनिट. माणूस रोज इमानदारीने २० घेत होता आणि शरीरात ८ जात होते. शुगर उतरेना म्हणून डॉक्टरांनी डोस ३० वर नेला. पथ्य मोडत असाल, असं घरच्यांनी त्याला ऐकवलं ते वेगळंच. शेवटी सिस्टरांनी सांगितलं, उद्या येताना घरचं सगळं सामान घेऊन या. पिशवीतून नारिंगी टोपण बाहेर निघालं.

नेमकं काय टळलं, हे मला डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं. नारिंगी सिरिंजवर ३० म्हणजे खरे १२. एखाद्या दिवशी दुकानात नारिंगी संपली असती आणि त्याने लाल घेतली असती, तर त्याच ३० च्या रेघेला खरेखुरे ३० युनिट गेले असते. एका रात्रीत अडीचपट. झोपेत शुगर उतरली असती तर घरच्यांना कळलंही नसतं. डॉक्टर मला एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणाले, मीही बघितलं होतं, माझ्याही नजरेतून सुटलं. त्यांनी वाटून घेतल्यामुळे माझा भाग कमी झाला, असं मला कधी वाटलं नाही. इन्सुलिनच्या बाटलीवर काय छापलंय ते मी एकदाही हातात घेऊन वाचलं नव्हतं. पंपाची फिल्म करताना मी प्रत्येक नटाचा आकार विचारून घ्यायचो.

पंपाच्या फिल्म बघणाऱ्या इंजिनिअरला माहीत असतं की चित्रात पाणी निळं दाखवलंय म्हणून ते निळं नसतं, बेअरिंग अर्ध्या मिनिटात झिजत नाही, आणि रंग डोळ्यांना बरे वाटावेत म्हणून दिलेले असतात. काय धरायचं आणि काय सोडायचं, हे तो न सांगता ठरवतो. दवाखान्यातल्या बाकावरच्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, हे बघा आणि असं करा. तो सगळंच धरतो. खड्याचा पांढरा रंग, नायकाची ढेरी, टोपणाचं नारिंगीपण, हसायला लागलेले चार सेकंद. माझ्या लेखी ती सजावट होती, त्याच्या लेखी सूचना. आणि त्याचंच बरोबर होतं. ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याने कशाला म्हणून सोडून द्यावं?

वेळेचं तर मला फार उशिरा उमगलं. आमच्या धंद्याची सगळी मोहिनीच वेळ दाबण्यात आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं बी रुजून त्याचं रोप होतानाची फिल्म केली होती. कुंडीसमोर कॅमेरा लावून थांबूनथांबून एकेक चित्र घेतलं आणि दिवसांचे क्षण करून दाखवले. भांडवल घालणाऱ्यांची खात्री पटवायला तेवढं पुरलं. मी हे उदाहरण नव्या मुलांना नेहमी सांगतो. पण ती फिल्म बघून कुणाला वाटाणे पिकवायचे नव्हते. मधुमेहात तर पेशंटने शिकायचं ते बरंचसं वेळेचंच असतं. सुई आत दहा सेकंद. साखर खाल्ल्यावर पंधरा मिनिटं. साधं किंवा मिश्र इन्सुलिन घेतल्यावर जेवायच्या आधी साधारण अर्धा तास, जो माझ्या नायकाने कधीच पाळला नाही. एचबीए१सी तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांचा हिशेब सांगते, कारण लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून तपासणीच्या आदल्या चार दिवसांत कडक पथ्य करून ती फारशी फसत नाही. आणि डोळे, किडनी, पाय यांचं नुकसान व्हायला वर्षं लागतात. ते मी दीड मिनिटात, ढोल-ताशाच्या साथीने दाखवलं होतं. ज्यांना पंधरा वर्षं शुगर होती त्यांनी ते बघून ठरवलं की आपल्याला काही झालेलं नाही त्याअर्थी होणारही नाही.

आता ती फिल्म बदलली आहे. दहा सेकंद म्हणजे दहा सेकंद. सुई पोटात, माणूस स्तब्ध, शेजारी एकेक आकडा उमटतो. पहिल्यांदा लावली तेव्हा मी खुर्चीत चुळबुळत होतो. मागच्या बाकावरच्या दोन आज्या मोठ्याने मोजायला लागल्या, आणि एक आजी आठवर पोचेपर्यंत दुसरी दहावर पोचली म्हणून त्यांच्यात वाद झाला. पंधरा मिनिटांचा प्रश्न मात्र अवघड होता. पंधरा मिनिटं थांबलेला माणूस कोण बघेल? शेवटी त्याला पडद्याच्या कोपऱ्यात बसवला. साखरपाणी पिऊन तो तिथे घड्याळाखाली बसून राहतो, बाकीच्या पडद्यावर दुसऱ्या फिल्म चालू असतात, आणि खरोखरची पंधरा मिनिटं झाली की तो मशीन काढून पुन्हा तपासतो. मध्येच ज्यांचं नाव पुकारलं जातं त्यांचा शेवट चुकतो. त्यावर मला अजून तोडगा सापडलेला नाही.

खड्यांचे चेहरे गेले. ताट आलं, भाकरी-भात-उसळ असलेलं. ढेरीवाला नायक निवृत्त झाला. त्याच्या जागी दोन भाऊ आहेत, एक जाड आणि एक बारीक, दोघांनाही शुगर. टोपण लाल आहे, आणि बाटलीवरचा आकडा व सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघणारा हात आहे. फिल्म संपली की सिस्टर एखाद्याला विचारतात, "आता घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगणार?" त्या उत्तरातून मला जेवढं कळतं तेवढं कुठल्याच परीक्षकाने कधी सांगितलं नाही. एकदा मी सगळ्या फिल्म पेशंटच्या मोबाईलवर पाठवायचा घाट घातला. डोळ्यांच्या तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घालून बसलेल्या माणसांना मी उत्साहाने फोन उघडून दाखवत होतो. त्यांना जवळचं काहीच दिसत नव्हतं. एका आजोबांनी फोन कानाला लावला. आता तसल्या दिवसांसाठी नुसता आवाज असलेली एक फीत आहे, तीही सिस्टरांच्या आवाजात. माझ्या पुणेरी निवेदकाचं बोलणं लोकांना बातम्यांसारखं वाटायचं.

सध्या पायांची फिल्म अडकली आहे. जुन्या फिल्ममध्ये मी तळपायातून लाल विजा काढल्या होत्या. काहींना आग होते, टोचतं, हे खरं आहे. पण जखमा बहुतेकदा होतात त्या पाय बधिर झाल्याने. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी फार पूर्वी दाखवून दिलं होतं की वेदना कळत नाही म्हणून माणूस स्वतःच्या हातापायांचं नुकसान करून घेतो. मधुमेहाच्या पायाला आजही तेच लागू आहे. चपलेत खडा असतो आणि दिवसभर पत्ता नसतो. पण न जाणवणं कसं काढायचं? मी पाय करडा केला, धुरकट केला, ठिपक्यांचा केला. सिस्टरांनी तिन्ही नापास केले. त्यांच्या मते एवढंच दाखवावं की एक माणूस बाजारातून गप्पा मारत येतो, वाटेत त्याची एक चप्पल पायातून निसटते आणि तो तसाच घरापर्यंत येतो. घरी बायको विचारते, दुसरी चप्पल कुठाय? असे पेशंट त्यांच्याकडे नेहमी येतात. डॉक्टरांना शंका आहे की लोक हसतील आणि तेवढ्यावरच सोडून देतील. सिस्टर म्हणतात, हसू देत, घरी गेल्यावर पायाकडे बघतील. मी दोन्ही बाजूंनी रेखाटनं काढून ठेवली आहेत. सोमवारी ती पायांच्या तपासणीला येणाऱ्यांनाच दाखवायची आणि ते त्यातलं काय काय खरं धरतात ते लिहून घ्यायचं, असं ठरलं आहे.